अद्भुतातील सत्य आणि साहित्याचा वर्ग

(हैदराबाद येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

१. विषयाची मांडणी

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय अद्भुत कथेतील सत्य हा असून, ते सत्य साहित्याच्या वर्गात कसे हाताळले जावे, हा त्याचा दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा भाग आहे. ज्या कथेत प्रेत खांद्यावरून बोलते, मेलेला माणूस स्वतःच्या मरणाचे कीर्तन करतो किंवा खुलभर दुधाने देवळाचा गाभारा भरून जातो, ती कथा वर्गात आली की तिच्यापुढे बहुधा दोनच प्रश्न ठेवले जातात. पहिला असा की, हे प्रत्यक्षात घडू शकते का. आणि दुसरा असा की, यातून बोध काय घ्यायचा. पहिल्याचे उत्तर नकारार्थी येते आणि कथा मुलांच्या करमणुकीच्या खात्यावर जमा होते. दुसऱ्याचे उत्तर एका वाक्यात मिळते, ते वहीत उतरवून घेतले जाते आणि मग कथेची गरजच उरत नाही. या दोन प्रश्नांच्या मधून जे निसटते तेच अद्भुत कथेचे सत्य होय, आणि ते हाती यायचे तर तिसराच प्रश्न विचारावा लागतो: या कथेतल्या जगाचा नियम कोणता, आणि त्या नियमाची किंमत कोण मोजतो?

हा विचार हैदराबादेत मांडण्याला विशेष औचित्य आहे. १९१८ मध्ये उर्दू माध्यमाने सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात मराठीचेही अध्ययन-अध्यापन रुजले, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाड्याचे जिल्हे हैदराबाद राज्याचा भाग असल्याने त्या भागातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या शिक्षणासाठी या शहरात आल्या. पैठणचा सातवाहनकालीन कथासंभार, गोवळकोंड्याच्या दरबारातील दखनी गद्य, उत्तरेकडून आलेली उर्दू दास्तान, श्रावणातल्या मराठी कहाण्या आणि शेजारी नांदणारी तेलुगू कथापरंपरा हे सारे प्रवाह येथे एका हाकेच्या अंतरावर आहेत. अद्भुताचा इतका मोठा वारसा शेजारी असताना वर्गात त्याला केवळ तात्पर्यापुरते बोलवावे, ही या वारशाची उपेक्षा आहे.

२. विस्मय आणि विश्वास

भारतीय साहित्यशास्त्रात अद्भुत हा स्वतंत्र रस मानलेला आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायिभाव, म्हणजे रसिकाच्या मनात मुळातच वसणारी व रसरूपाने फुलणारी वृत्ती होय. भरताच्या नाट्यशास्त्राने लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा आणखी एक भेद केला आहे: व्यवहारात जसे घडते तसे दाखवणे ही लोकधर्मी, तर संकेतांच्या आधारे, व्यवहाराशी जुळवून न घेता दाखवणे ही नाट्यधर्मी. दोन्हींना शास्त्राने मान्यता दिली आहे, कारण नाट्याचे प्रयोजन व्यवहाराची नक्कल करणे एवढेच नाही, हे त्या शास्त्राने गृहीत धरलेले आहे. विंदा करंदीकरांमुळे मराठीत आलेल्या ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रातही याला समांतर विचार सापडतो. इतिहास घडलेले सांगतो आणि काव्य घडू शकेल असे सांगते, म्हणून काव्य तत्त्वचिंतनाच्या अधिक जवळ जाते, असे तो म्हणतो. आणि पुढे जाऊन, जे अशक्य असूनही पटते ते, जे शक्य असूनही पटत नाही त्यापेक्षा कवीने पसंत करावे, असेही सुचवतो. कथेच्या सत्याची कसोटी शक्याशक्यतेची नसून संगतीची आहे, हा या विचाराचा गाभा आहे.

विसाव्या शतकात या प्रश्नाची एक सविस्तर चर्चाही स्मृतिव्याख्यानातच झाली. ८ मार्च १९३९ रोजी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात जे. आर. आर. टोल्किन यांनी परीकथांचे संग्राहक अँड्र्यू लँग यांच्या स्मरणार्थ परीकथांवर व्याख्यान दिले. अद्भुत कथेचा लेखक एक दुय्यम जग निर्माण करतो आणि वाचक त्या जगात असेपर्यंत तिथल्या नियमांवर विश्वास ठेवतो. हा विश्वास म्हणजे अविश्वास तात्पुरता बाजूला ठेवणे नव्हे, तर त्या जगाला खरे मानून त्यात वावरणे होय, अशी त्यांची मांडणी होती. कोलरिजने १८१७ मध्ये मांडलेली, अविश्वास स्वखुशीने स्थगित करण्याची कल्पना त्यांना अपुरी वाटली, कारण अविश्वास दाबून ठेवावा लागतो तेव्हा कथेची मोहिनी तुटलेली असते. अद्भुत कथा ही पळवाट आहे, या आरोपालाही त्यांनी उत्तर दिले: कैद्याने तुरुंगाबाहेरच्या जगाचा विचार करणे आणि शिपायाने रणातून पळ काढणे या दोन गोष्टी एकच मानता येत नाहीत.

३. वाच्यार्थ जिवंत ठेवणारी कथा

अद्भुत वाक्याचा अर्थ लागतो कसा, याचे उत्तर शोधताना भारतीय शब्दविचार अतिशय उपयोगी पडतो. वाक्यातून अर्थबोध होण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन अटी नैयायिकांनी सांगितल्या. शब्दांना परस्परांची अपेक्षा असणे ही आकांक्षा, ते जवळजवळ उच्चारले जाणे हा संनिधी आणि त्यांच्या अर्थांचा मेळ बसणे ही योग्यता. ‘विस्तवाने शिंपतो’ या वाक्यात आकांक्षा आणि संनिधी यांत काही उणे नसले तरी योग्यता नाही, कारण शिंपण्याचे काम पाण्याचे आहे. अद्भुत कथेतील वाक्ये व्यवहाराच्या दृष्टीने अशीच योग्यतेवाचून असतात. मुख्य अर्थाला असा अडथळा आला की मन लक्षणेकडे, म्हणजे जवळच्या दुसऱ्या अर्थाकडे वळते. राक्षस म्हणजे लोभ, परी म्हणजे आशा, अरण्य म्हणजे अज्ञान, अशी समीकरणे मांडणारा शिक्षक नकळत याच वाटेने जात असतो.

परंतु ही वाट अर्ध्यावर संपते, हे आनंदवर्धनाच्या ध्वनिविचारातून ध्यानात येते. नवव्या शतकातील या काश्मिरी आचार्याने ध्वनीचे दोन मुख्य भेद केले. अविवक्षितवाच्य ध्वनीत शब्दाचा सरळ अर्थ वक्त्याला अभिप्रेतच नसतो. तो टाकून किंवा बदलून पुढे जायचे असते. विवक्षितान्यपरवाच्य ध्वनीत सरळ अर्थ अभिप्रेत असतो, तो आपल्या जागी कायम राहतो आणि तिथे उभा राहूनच दुसऱ्या, अधिक खोल अर्थाकडे बोट दाखवतो. ही परिभाषा काव्यार्थाच्या चर्चेसाठी घडली असली, तरी तिच्या आधारे कथांचाही भेद स्पष्ट करता येतो. रूपककथा पहिल्या भेदाच्या जवळ जाते, कारण तिच्यातील पात्रांच्या मुखवट्यामागची नावे ओळखली की कथेचे बरेचसे काम संपते. खरी अद्भुत कथा दुसऱ्या भेदाच्या जवळ जाते. तिच्यात गाभारा म्हणजे गाभाराच असतो आणि दूध म्हणजे दूधच, आणि तरीही कथा दुधापाशी थांबत नाही.

४. गोवळकोंड्याचे रूपक आणि दास्तानीतले तिलिस्म

रूपककथेचे उत्तम उदाहरण शोधायला हैदराबादकरांना लांब जावे लागत नाही. अब्दुल्ला कुतुबशहाच्या आश्रयाने मुल्ला वजही याने १६३५ मध्ये दखनी गद्यात ‘सबरस’ लिहिले. फत्ताही निशापुरीच्या फारसी कथेचा आधार घेणाऱ्या या ग्रंथात अक्ल, म्हणजे बुद्धी, हा एक राजा आहे आणि दिल, म्हणजे हृदय, हा त्याचा पुत्र आहे. या दिलाला आब-ए-हयात, म्हणजे अमृतजल, हवे आहे आणि त्याच्या शोधासाठी तो नजर या हेराला धाडतो. पुढे हुस्न आणि इश्क, म्हणजे सौंदर्य आणि प्रेम, ही पात्रे येतात आणि बुद्धीचे राज्य प्रेमाच्या राज्याशी भिडते. पात्रांची नावेच त्यांचा अर्थ सांगत असल्याने वाचकाला उलगडा करण्याचे कष्ट पडत नाहीत. तथापि ‘सबरस’ आजही वाचनीय ठरते ते या समीकरणांमुळे नव्हे. हृदय स्वतः जागचे हलत नाही आणि आधी नजरेला पाठवते, यासारख्या कथागत तपशिलांत मनुष्यस्वभावाचे जे निरीक्षण आहे, ते नाव उलगडल्यानंतरही शिल्लक राहते. म्हणजे रूपककथासुद्धा जिथे चांगली असते तिथे ती वाच्यार्थाला सोडत नाही.

उर्दू दास्तान मात्र उघडच दुसऱ्या जातीची आहे. लखनऊच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून खंडशः प्रसिद्ध केलेली ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ही मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर यांची प्रचंड कथा तिलिस्म या कल्पनेवर उभी आहे. तिलिस्म म्हणजे जादूगाराने रचलेले मायावी राज्य. त्यात नगरे, नद्या, सैन्ये सारे काही असते, पण त्याला रचणारा असतो, त्याची मुदत असते आणि ते मोडण्याची युक्ती एखाद्या पाटीवर कुठेतरी लिहून ठेवलेली असते. या नियमात एक राजकीय सत्य दडलेले आहे आणि ते कोणत्याही पात्राच्या तोंडी घातलेले नाही: जी सत्ता निसर्गासारखी अढळ भासते तीही कोणीतरी रचलेली असते, आणि जे रचलेले आहे ते मोडता येते. हे सत्य तात्पर्य म्हणून सांगितले तर घोषणा वाटेल. तिलिस्माच्या नियमातून ते वाचकाच्या हाती अनुभव म्हणून येते.

५. खुलभर दुधाची कहाणी

वर्गात नियम आणि किंमत यांचा शोध कसा घ्यावा, हे दाखवण्यासाठी श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी जवळून पाहणे योग्य ठरेल. आटपाट नगरातल्या राजाच्या मनात महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असे येते आणि घरोघरचे सगळे दूध देवळात आणण्याचा हुकूम सुटतो. धाकाने लोक वासरांना पाजत नाहीत, मुलाबाळांना देत नाहीत, सगळे दूध आणून गाभाऱ्यात ओततात. तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरचे काम आटोपते, मुलांना खाऊपिऊ घालते, गाईवासरांना चारा-पाणी करते आणि उरलेले खुलभर दूध घेऊन देवळात येते. खुलभर म्हणजे लहानशा भांड्यात मावेल इतकेच. ते ओतताच गाभारा भरतो. राजा पहारे बसवतो, अखेर स्वतः पाळत ठेवून म्हातारीला धरतो, आणि ती अभय मागून कारण सांगते: वासरांचे आत्मे तळमळले, घरोघरी हायहाय झाली, म्हणून तुझ्या दुधाने गाभारा भरला नाही.

या कहाणीचा बोध विचारला तर वर्गातून ‘भक्ती महत्त्वाची, भपका नव्हे’ असे उत्तर येते आणि ते चूक नाही. परंतु या उत्तरात वासरे नाहीत. कथेच्या जगाचा नियम विचारला की चित्र बदलते. या जगात दूध मोजण्याचे माप राजाच्या मापाहून वेगळे आहे: जे भुकेल्याच्या तोंडून काढून आणले ते इथे मोजलेच जात नाही, आणि सर्वांचे पोट भरून उरले ते थोडे असले तरी पुरते. म्हातारी नुसती भाविक नाही. तिने हुकूम मोडला आहे, आणि अभय मिळाल्याखेरीज ती बोलत नाही, यावरून त्या नगरात खरे बोलण्याची किंमत किती होती, हेही कळते. राजाही खलपुरुष नाही. त्याची इच्छा पुण्याचीच आहे आणि नेमक्या त्यामुळेच तिच्यापायी होणारी उपासमार त्याला दिसत नाही. निजामी राजवटीत तेलंगणातल्या गावांनी वेठ भोगली आणि १९४० च्या दशकात धान्याची सक्तीची लेव्ही पाहिली. अशा प्रदेशातल्या वर्गात ही कहाणी वाचताना सक्तीने गोळा केलेल्या पुण्याची चर्चा निघणे अपरिहार्य आहे. ती चर्चा कहाणीवर बाहेरून लादावी लागत नाही. गाभारा भरत नाही या एका अद्भुत घटनेतच ती आहे. गाभारा वास्तवाच्या हिशेबाने भरला असता तर राजाचा अन्याय कोणाला कळलाच नसता. इथे अद्भुत सत्याला झाकत नाही, ते उघडे पाडते.

६. गुणाढ्याची कथा आणि आधुनिक मराठी अद्भुत

कथेला दरबारात जागा का मिळत नाही, याची कथाही याच दख्खनच्या भूमीत घडलेली आहे. अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागर’ या ग्रंथाच्या आरंभी बृहत्कथेचा कर्ता गुणाढ्य याची हकिगत येते. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या सातवाहन राजाला संस्कृत किती काळात शिकवता येईल, या पैजेत हरल्यामुळे गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडतो, अरण्यात पैशाची भाषा शिकतो आणि त्या भाषेत स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोक लिहितो. राजा पैशाची भाषेला तुच्छ मानून ग्रंथ नाकारतो. मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि अग्नीत टाकतो. शिष्यांच्या आवडीची एक लाखाची कथा तेवढी तो राखून ठेवतो. इकडे राजा आजारी पडतो आणि वैद्य सांगतात की हा रुक्ष मांसाचा परिणाम आहे. आचाऱ्यांना जाब विचारला जातो, ते शिकाऱ्यांकडे बोट दाखवतात आणि शिकारी सांगतात की, अरण्यातले प्राणी चरणे सोडून कथा ऐकत उभे आहेत.

या हकिगतीत राजाला चूक कळते ती कोणा पंडिताच्या उपदेशाने नव्हे. त्याच्या ताटातले मांस वाळते तेव्हा कळते. ज्या बोलीला दरबाराने अमंगळ ठरवले तिच्यातील कथेचे मोल पशूंना कळते, आणि जे ज्ञान दरबार नाकारतो त्याची उणीव शेवटी दरबाराच्याच देहात उतरते. पैजेचा, रक्ताचा आणि वाळलेल्या मांसाचा प्रत्येक तपशील शब्दशः खरा मानल्याशिवाय हे सत्य हाती लागत नाही.

आधुनिक मराठी साहित्यानेही हा मार्ग सोडलेला नाही. १९७४ मध्ये रंगभूमीवर आलेल्या सतीश आळेकर यांच्या ‘महानिर्वाण’ या नाटकात मृत भाऊराव स्वतःच कीर्तनकाराच्या थाटात आपल्या मरणाची कथा सांगतात आणि बंद झालेल्या जुन्या स्मशानातच आपले दहन व्हावे, असा हट्ट धरतात. मेलेल्याने बोलावे ही एकच अशक्य गोष्ट मान्य केली की शोकाचे उपचार, चाळीतली माणुसकी आणि तिच्या मर्यादा आपोआप उघड्या होत जातात. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांनी ‘काजळमाया’ (१९७२) आणि ‘रमलखुणा’ (१९७५) या संग्रहांत स्थलकालाच्या ओळखीच्या खुणा नसलेली जगे उभी केली. ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ यांसारख्या दीर्घकथांत कोणते प्रतीक कशाचे, याची यादी करत बसणाऱ्या वाचकाच्या हाती फारसे काही येत नाही. माणसाने नियतीचा नियम जाणून घेण्यासाठी काय काय गमावले, याचा हिशेब ठेवणारा वाचक मात्र कथेच्या अंतरंगात शिरतो.

७. दोन आक्षेप

अद्भुताला वर्गात मानाचे स्थान देण्याविरुद्ध एक आक्षेप विवेकवादाच्या बाजूने येतो आणि तो गांभीर्याने घ्यावा असा आहे. ज्या समाजात चमत्काराच्या नावाने फसवणूक होते, ज्या महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकर यांनी अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचले आणि २०१३ मध्ये त्यांची हत्या झाल्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे चमत्कारकथांचे कौतुक करणे धोक्याचे नाही का? याचे उत्तर असे की, भोंदू चमत्कार आणि कथेतील अद्भुत यांचा व्यवहार परस्परविरुद्ध आहे. भोंदू आपला दावा कथेबाहेरच्या जगावर करतो, त्याची तपासणी होऊ देत नाही आणि किंमत दुसऱ्याकडून वसूल करतो. कथा आपला दावा कथेपुरता ठेवते, आपला नियम उघड मांडते आणि तो तपासण्याचे आमंत्रण वाचकाला देते. कहाणी व्रताचा भाग म्हणून वाचणारी श्रद्धा आणि ती साहित्य म्हणून वाचणारी जिज्ञासा या दोन वेगळ्या वृत्ती आहेत, हा भेद वर्गात स्पष्ट करावा लागतो, आणि एकदा तो स्पष्ट झाला की अद्भुत कथेचे वाचन ही विवेकाचीच तालीम ठरते.

दुसरा आक्षेप असा की, अद्भुत कथा खोटेही बोलू शकते. हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. नायकाच्या सोयीसाठी जिथे नियम ऐनवेळी वाकवला जातो, जिथे राक्षसाला एखाद्या प्रत्यक्ष समाजाचा वर्ण आणि वेश दिला जातो, जिथे एकट्या म्हाताऱ्या बाईला चेटकीण ठरवून तिच्या मरणावर सुखान्त उभारला जातो, तिथे अद्भुत सत्याच्या आड येते. चेटकीण ठरवून स्त्रियांचा छळ आणि हत्या झाल्याच्या घटना या देशात घडलेल्या असल्यामुळे हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही. किंमत कोण मोजतो, हा प्रश्न अशा कथांनाही लावायचा असतो. सत्य असलेली कथा त्या प्रश्नाने उजळते आणि खोटी कथा उघडी पडते.

८. वर्गातील वाचन

वर्गातील वाचनाचा क्रम या विवेचनातूनच निश्चित होतो. आधी वाच्यार्थ पूर्णपणे उभा करावा: या जगात काय घडू शकते, काय घडू शकत नाही, काय केल्यास काय होते, हे विद्यार्थ्यांनी कथेच्या आधारानेच सांगावे. त्यानंतर एखादा नियम बदलून पाहावा. म्हातारीने वासरांना उपाशी ठेवून तेच खुलभर दूध आणले असते तर गाभारा भरला असता का, गुणाढ्याने अरण्यात न वाचता नुसतेच ग्रंथ जाळले असते तर राजा आजारी पडला असता का, असे प्रश्न विचारले की कथेचा कोणता तपशील तिचा भार पेलतो, हे कळून येते. प्रत्यक्ष जगाशी तुलना यानंतरच व्हावी. हैदराबादच्या वर्गाला येथे मोठी अनुकूलता आहे, कारण घरी मराठी, रस्त्यावर दखनी, शाळेत तेलुगू आणि इंग्रजी अशा चार भाषांत वाढणारा विद्यार्थी आपल्या कानावर पडलेली दुसऱ्या भाषेतली कथा शेजारी ठेवू शकतो आणि दोन जगांचे नियम ताडून पाहू शकतो.

अशा वर्गाचा नमुना मराठी वाचकाला लहानपणापासून ठाऊक असलेल्या वेताळपंचविशीतच आहे. वेताळ कथा सांगतो, पण तिचा बोध सांगत नाही. तो न्यायाचा एक पेच राजापुढे टाकतो. ‘कथासरित्सागर’ ग्रंथातील एका कथेत एका स्त्रीचा पती आणि तिचा भाऊ यांची तुटलेली मस्तके घाईत चुकीच्या धडांवर बसवली जातात आणि मग त्या स्त्रीचा पती कोण, हा प्रश्न उभा राहतो. राजा मस्तकाच्या बाजूने निर्णय देतो. याच बीजावर पुढे थॉमस मान यांनी कादंबरी आणि गिरीश कार्नाड यांनी ‘हयवदन’ हे नाटक रचले, यावरून राजाच्या उत्तराने पेच संपला नव्हता, हे सिद्ध होते. शेवटच्या कथेच्या प्रश्नापुढे तर राजा निरुत्तर होतो, आणि त्यावर वेताळ रुष्ट न होता प्रसन्नच होतो. जे ठाऊक नाही त्यावर उगाच उत्तर न ठोकण्याचा हा संयम विद्यार्थ्याइतकाच शिक्षकानेही शिकण्यासारखा आहे, आणि परीक्षेतील ‘तात्पर्य लिहा’ या प्रश्नाची जागा ‘या कथेतील जगाचा नियम सांगून त्याचा परिणाम कोणावर होतो ते स्पष्ट करा’ अशा प्रश्नाने घेतली, तर या संयमाला अभ्यासक्रमातही स्थान मिळेल.

अद्भुत कथेतील सत्य हे कथेच्या शेवटी चिकटवलेले वाक्य नसते. ते तिच्या नियमात असते आणि त्या नियमाखाली जगणाऱ्यांच्या सुखदुःखात असते. ज्या विद्यार्थ्याला आटपाट नगराच्या हुकुमाबद्दल ‘याची किंमत कोणी मोजली’ असे विचारण्याची सवय लागली, तो आपल्या गावच्या, शहराच्या आणि राज्याच्या हुकुमांबद्दलही तेच विचारू लागेल. असा विद्यार्थी घडवणे हे साहित्याच्या वर्गाचे काम आहे, आणि अद्भुत कथेला बाहेर ठेवून ते काम पूर्ण होऊ शकत नाही.